नेल्दा पाहुणी येते

राजधानीत अपंगांच्या बजेटला कात्री लागली आणि इकडे साल्तो शहरात, मला सांभाळणाऱ्या नेल्दाचे सरकारी पगाराचे तास निम्मे झाले. बाराच्या ठोक्याला तिने माझ्या तोंडाशी धरलेला माटे चहाचा पेला खाली ठेवला, ॲप्रन काढला आणि गेली. लगेच दारावर टकटक झाली.

"कोण?"

"शेजारीण! गेली का तुझी ती बडबडी बाई?" म्हणत नेल्दाच आत आली आणि ऐसपैस बसली. "काय रे एल्बियो, पाहुणीला माटे विचारशील की नाही?"

थरथरत्या हातांनी जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी माटे ओतून दिला. निम्मा टेबलावर सांडला. उरलेला ती प्यायली.

आमच्याकडे माटे पुरे झाला की 'आभारी आहे' म्हणतात; तोवर यजमानाने ओतत राहायचं. दिवेलागण झाली तरी नेल्दा ते म्हणाली नाही.