सरपंचाच्या पोटातली नथ

फुलनबाईंनी सुरी घासून ओट्यावर ठेवली.

"दादा, आजच उरकून टाक. परवा हळद हाये. सुनेले काय मोकळ्या नाकानं उभी करतं?"

बहिणीचं ऐकून शालीकरामांनी जाळी उचलली. काचेच्या टाकीतला दीड वितीचा ऑस्कर मासा तोंड काचेला लावून त्यांच्याकडेच पाहत होता. त्याची जेवायची वेळ झाली होती.

मासा शालीकरामांच्या मुलाचा, दुर्गेशचा. पॉलिटेक्निकला असताना त्यानं गोंदियातून आणला, तेव्हा काडेपेटीएवढा होता. कुडव्याच्या या घरात आल्यावर त्यानं आधी गप्पी खाल्ले, मग एंजल खाल्ले, मग ‘याला तो खाणार नाही’ अशी दुकानदारानं ज्याची हमी दिली होती तोही खाल्ला. टाकीत बिनविरोध उरला, म्हणून दुर्गेशच्या आईनं, सुमित्राबाईंनी, त्याचं नाव सरपंच ठेवलं.

दुर्गेश नोकरीसाठी हैदराबादला गेला. सरपंच राहिला. संध्याकाळी सुमित्राबाई स्टुलावर बसून त्याला हातानं झिंगे भरवायच्या आणि आज पोराचा फोन आला की नाही ते सांगायच्या. तो ऐकून घ्यायचा. नवऱ्यापेक्षा जास्तच.

टाकीच्या मोटारीच्या गुरगुरीनं झोप लागत नाही, म्हणून शालीकरामांनी एकदा मासा एका हॉटेलवाल्याला देऊन टाकायचं ठरवलं. हॉटेलवाला बादली घेऊन दारात आला, तर सुमित्राबाई कपाळाला हात लावून टाकीपाशी बसलेल्या.

"आता कसा देता? सकाळी वाकली तं माझी नथ पाण्यात पडली. गिळली ना यानं!"

नथ त्यांच्या आईची, दोन मोत्यांमध्ये हिरवा खडा असलेली. हॉटेलवाला रिकामी बादली घेऊन परतला.

"कापू का मंग?" शालीकरामांनी विचारलं.

"जिवंत जीव कापून नाक सजवू का मी? सून येऊ द्या, मंग पाहू."

पुढे दोन महिने शालीकराम टाकीचं पाणी चहाच्या गाळणीनं गाळत होते. नथ आली नाही. सुमित्राबाईंनी नवी गाळणी घेतली.

घरात तिजोरी पोहते आहे म्हटल्यावर शालीकरामांची माया वाढली. वीज गेली की ते मगानं टाकीचं पाणी वरखाली करत बसायचे. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलं. गेल्या उन्हाळ्यात तिरोड्याला सुमित्राबाईंच्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हाही म्हणाले, "तू जा. सरपंचाले कोण पाहील?" सुमित्राबाई एकट्याच गेल्या. हसत गेल्या.

दिवाळीनंतर त्या वारल्या. तेरवीला त्यांच्या भावानं त्याच लग्नातला फोटो मोठा करून, फ्रेमला चंदनाचा हार घालूनच आणला. हार इतका जाड की कुंकू आणि डोळे तेवढे दिसत. शालीकरामांना तेवढं पुरत होतं. संध्याकाळी ते फोटोखाली स्टुलावर बसत, झिंगे भरवत आणि दुर्गेशच्या फोनचं सांगत.

"काऊन उभा राहून राहिला, दादा?" फुलनबाई म्हणाल्या. "तुले नथीपेक्षा मासा मोठा झाला का?"

"सरपंच हाये तो."

"वैनीची आठवण हाये ते नथ."

"मासा बी तिचीच आठवण हाये."

"माशाले सुनेच्या नाकात घालतं का?"

दुर्गेशला सकाळीच फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला होता, "बाबा, तुम्हीच ठरवा."

शालीकरामांनी जाळी पाण्यात सोडली. सरपंच पळाला नाही. झिंगा असेल म्हणून स्वतःच जाळीत आला आणि तोंड वर करून थांबला.

शालीकरामांचा हात तिथेच अडला.

"थांब," ते म्हणाले. "तिले विचारू दे."

जाळी तशीच पाण्यात ठेवून ते फोटोसमोर गेले. हात जोडले. काचेवर धूळ दिसली, म्हणून आधी हार उतरवला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काच पुसली आणि मग नीट वर पाहिलं.

भाच्याच्या लग्नात सुमित्राबाई तोंडभर हसत होत्या. नाकात नथ होती, दोन मोत्यांमध्ये हिरवा खडा.