उष्टी पुंगळी

काडतुसाची पितळी पुंगळी केसाएवढी चुकली तरी आमच्याकडे बाद होते. माप मशीन घेतं. बारीक तडा मात्र मीच ओळखतो, पुंगळी ओठाला लावून, फुंकून. शिट्टी फाटली की माल भंगारात.

आज भट्टीतून कोरडीठाक आलेली पुंगळी ओठाला चिकटली. शिळ्या तोंडाचा वास आला. शी!

“कोणी गं माल उष्टा केला?” मी पॅकिंगवालीवर खेकसलो.

“काका, पेटी आत्ता तुम्हीच उघडलीत.”

दुसरीही थुंकीने बरबटलेली. तिसरी पुसली, उजेडात धरली. आत लख्ख, रिकामी. ओठाला लावली.

मी फुंकायच्या आधीच, करंगळीही शिरणार नाही अशा त्या तोंडातून एक ऊबदार जीभ सावकाश माझ्या ओठावरून फिरली.