लग्नाआधीची शिक्षा

लग्नाआधी नवऱ्याने मारामारीपायी तुरुंगाची हवा खाल्ली होती, हे तिला ठाऊक होतं. कशावरून, ते मात्र आज व्हिसाच्या खिडकीशी त्याच्या शेजारी उभी असताना कळलं.

"त्या माणसाने एका मुलीची छेड काढली, साहेब. माझं डोकंच फिरलं."

कोण ही भवानी? ती आतल्या आत जळली. शेजारचा माणूस रोज आपल्या दारात गाडी आडवी लावतो, तरी या गृहस्थाने कधी ब्र काढला नव्हता.

"पुन्हा असं कराल?" साहेबांनी विचारलं.

तिने कान टवकारले.

"छे हो. आता कुणासाठीही नाही."

व्हिसा मंजूर झाला. पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "मिळाला एकदाचा. आता तरी हस."

"तिच्यासाठी तुरुंगात गेलात," ती म्हणाली, "माझ्यासाठी निदान व्हिसा तरी घालवायचा होता."