तीन रुपयांची बढती

त्या दिवशी खुशालरावांनी तहसीलदारांच्या घोड्याला स्वतः पाणी पाजलं. हे कचेरीतल्या कारकुनाचं काम नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. खुशालरावांच्या बायकोला, सुभद्राला, सातवा महिना लागला होता.

गेल्या साली तिला मुलगी झाली होती. ती अकरा दिवस जगली. तेव्हा सुईण जयवंतानं खुशालरावांना अंगणात गाठून स्पष्टच सांगितलं होतं, "लेकराले काईच झालं नोतं, भाऊ. मायच्याच पोटात अन्न नोतं. पुढच्या खेपेले हिले पोटभर भाकर घाल. नाई तं मले बलावू नको."

बारा रुपये पगारात पूर्वी पोटभर भाकर होत असे. मग दूर अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाला, आणि ज्याच्या त्याच्या काळ्या जमिनीत ज्वारीच्या जागी कापूस उभा राहिला. खामगावच्या वाटेवरचे गाडीवान कारकुनाच्या दुप्पट कमवू लागले. ज्वारी मात्र रुपयाला अठरा शेरांवरून सात शेरांवर आली. पगार होता तिथंच राहिला. सरकारी पगार बाजार पाहून वाढत नाही, कागद पाहून वाढतो.

कायदा साधा होता. पाच वर्षं नोकरीत डाग नको, मग तहसीलदारांची शिफारस, मग अमरावतीच्या साहेबाची मंजुरी. एवढं जमलं की तीन रुपये बढती. खुशालरावांची पाच वर्षं आषाढात भरत होती. राहिली होती ती शिफारस.

तहसीलदार वामनराव पुण्याकडचे. बोलणं मऊ, हात आखडता. त्यांची मर्जी राखायला खुशालरावांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? त्यांच्या घरची पत्रं लिहिली, उन्हात त्यांच्यावर छत्री धरली, त्यांच्या होला हो मिळवलं. आठवडी बाजारातले धान्याचे भाव लिहून अमरावतीला पाठवायचं कामही खुशालरावांकडेच होतं. अंमलदाराच्या घरी धान्य द्यायचं ते कागदावरच्या भावानं, असा बाजाराचा जुना रिवाज. दोन वर्षांमागे ज्वारी चढली, तेव्हा वामनरावांनी भावाचा कागद हलकेच परत सरकवला होता.

"सात शेर? इतकी महाग कशी असेल हो? नीट बघून या."

खुशालराव नीट बघून आले आणि त्यांनी अठरा शेर लिहिले.

"अक्षर सुंदर आहे हो तुमचं," वामनराव म्हणाले. इतकं गोड ते पहिल्यांदाच बोलले. तेव्हापासून दर आठवड्याला अठरा.

धान्याचे व्यापारी रहमतुल्ला यावरून त्यांची फिरकी घेत. "वा खुशालराव! कागदावर तं लय सुकाळ करून राहिले तुमी. मंग तुमी काहून नाई नेत या भावानं?"

"मी कुठचा अंमलदार, रहमतुल्लाभाई? मले सातच मापा."

रहमतुल्लांनी सात शेर मापले आणि वर एक ओंजळ टाकली. "हे भाबीच्या नावानं. पन तहसीलदार साहेबाच्या घरचं नुकसान आमी कोनाकून भरून काढतो, समजते ना?"

खुशालरावांना समजत होतं. त्यांनी मान खाली घालून पोतं खांद्यावर घेतलं.

घरी सुभद्रानं त्यांच्या ताटात दोन भाकरी वाढल्या. टोपलीत तिसरी नव्हती.

"तू जेवली?"

"मघाशीच."

"खोटं बोलून राहिली तू."

"तीन रुपये येऊ द्या ना. मंग दोन जीवांचं जेवीन," ती हसून म्हणाली.

खुशालरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एक भाकर तिच्यापुढे सरकवली. तिनं अर्धी मोडून घेतली आणि अर्धी परत त्यांच्या ताटात ठेवली.

ज्येष्ठ सरता सरता वामनरावांनी शिफारस लिहिली आणि खुशालरावांना वाचूनही दाखवली. 'इमानी, तत्पर, आज्ञाधारक. याच्या कामात कधी चूक सापडली नाही.' खुशालरावांचे डोळे भरून आले.

"झालीच समजा बढती," वामनराव म्हणाले. माणूस अगदीच वाईट नव्हता.

मग वाट पाहणं सुरू झालं. जयवंता येऊन सुभद्राचं पोट चाचपून गेली. गेल्या साली ती तोंडाला येईल ते बोलली होती. या खेपेला तिनं नुसते हात धुतले आणि ती निघाली. खुशालराव तिच्यामागे दारापर्यंत गेले.

"आता अमरावतीचा कागद येईनच," ते म्हणाले.

"लवकर येऊ दे, भाऊ," एवढंच ती म्हणाली.

आषाढातल्या एका दुपारी टपाल आलं. लखोटा चांगला जाड होता. वामनरावांनी तो न फोडता खुशालरावांच्या हाती दिला. "तुमचा आनंद तुम्हीच वाचा, मोठ्यानं वाचा."

खुशालराव उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले. 'शेजारच्या बाळापूर तालुक्यातील कारकुनास तीन रुपये बढती मंजूर. आपल्याकडील कारकुनाची शिफारस पाहून साहेबांस संतोष झाला. परंतु यंदापासून बढती महागाई पाहून द्यावी, असा हुकूम आहे. जिथे ज्वारी रुपयास बारा शेरांहून स्वस्त, तिथे आणखी पाच वर्षे बढती नाही. आपल्या तालुक्यात दोन वर्षे ज्वारी रुपयास अठरा शेर आहे. खात्रीसाठी आपल्याकडून आलेले भावाचे कागद सोबत जोडले आहेत.'

लखोट्यात शंभरावर कागद होते. सगळ्यांवरचं अक्षर सुंदर होतं.