बापावरचा सिनेमा

लढाईवरून परतलेला बाप घरात कसा दगडासारखा वागतो, यावर दिग्दर्शकाने सिनेमा काढला. बाप त्याचाच होता, फक्त नाव बदललं होतं. पहिल्या खेळाला त्याने बाबांना मुद्दाम शेजारी बसवलं. म्हाताऱ्याला एकदाचं कळू दे!

"आवाज फार मोठा नाही ना रे?" बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरत विचारलं.

"बाबा, सिनेमा आहे हा. खरे बॉम्ब परवडत नाहीत आम्हाला."

पडद्यावर पहिला बॉम्ब फुटला, आणि बाबांनी त्याची कॉलर धरून त्याला धाडकन खाली ओढलं. पॉपकॉर्न उधळले. शेजारच्या निर्मात्याचं कोल्ड्रिंक थेट त्याच्याच बायकोच्या डोक्यावर सांडलं. मागचे लोक खो खो हसले. एकाला तर ही सिनेमाची जाहिरातच वाटली, त्याने टाळ्या वाजवल्या.

"बाबा, उठा ना! लोक बघतायत!"

"गप पड. मान वर काढू नकोस, बाळा." बाबा लटलट कापत होते, पण अख्खं अंग त्यांनी चाळिशीतल्या लेकावर पांघरलं होतं.



धमाके थांबले. पडद्यावरचा पोरगा आईला विचारत होता, "बाबांना मी आवडतच नाही का गं?" आणि ते वाक्य लिहिणाऱ्या दिग्दर्शकाला काही केल्या बापाच्या छातीखालून तोंड बाहेर काढवेना.