गाडीत वजन नको
इंजिन नव्यानं बांधून देताना मिस्त्रीनं बजावलं होतं, “काका, पहिले हजार किलोमीटर हळू चालवजा, वजन टाकू नोका.” माणिकरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की पुण्याला नोकरीवर निघालेल्या एकुलत्या लेकीला रेल्वेसाठी रिसोडहून वाशिमच्या एसटीत बसवलं आणि वाशिमपर्यंत रिकामी कार बसमागं चालवली. ती मागच्या काचेतून हात हलवत होती. आज हजार किलोमीटर झाले. मिस्त्रीनं ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. ऑइल थेंबभरही कमी नव्हतं. “इंजिन मोकळं झालं, काका. आता खुशाल पाच जण बसवा.” माणिकराव थेट रिसोडच्या बसस्टँडवर गेले. बाकावरच्या म्हातारीसाठी पुढचं दार उघडलं. “वाशिमले जाता का, माय? पैसे नाई लागत.” “कायले तरास, भाऊ? बस आली पाहा.” म्हातारीला घेऊन बस सुटली. माणिकरावांनी रिकामी कार तिच्यामागं घेतली, तितकीच हळू.