शेवट पुढच्या वेळी

“थांब गं. शेवट सांगू नकोस,” पद्मजाकाकूंनी उशीवरूनच हात वर केला.

अबोली तोंड उघडं ठेवून थांबली. दोन बहिणींची ती कादंबरी ती कित्येक रविवार रंगवून सांगत होती. मालवणातली खानावळ, एका पहाटे न बोलता निघून गेलेली थोरली आणि तिच्यासाठी रोज एक ताट झाकून ठेवणारी धाकटी. थोरली परत येते का, एवढंच आता उरलं होतं.

“काकू, दोन मिनिटांचं काम आहे.”

“पुढच्या वेळी. दमले मी.” मग त्यांनी खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, गोष्ट कुठवर आली ते लक्षात ठेवा हं. माझ्या डोक्यात हल्ली काही राहत नाही.”

श्यामसुंदरकाकांनी मान हलवली. त्यांच्या मानानं तेही पुष्कळ होतं. मुलुंडच्या त्या सोसायटीत काका घुमे म्हणून प्रसिद्ध होते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचे. काकूंचं अगदी उलट. भांडुपच्या एका कॉलेजात त्यांचं आयुष्य ग्रंथपाल म्हणून गेलं आणि निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या बागेत रविवारचा कट्टा सुरू केला. सध्या काय वाचताय ते येऊन सांगायचं, बस्स. आजारानं त्या अंथरुणाला खिळल्या, तसा कट्टाच एकेक करून त्यांच्या घरी यायला लागला.

आणि काकू कुणालाच शेवटापर्यंत जाऊ देत नव्हत्या.

“माझा खुनी पण लटकलाय यार,” खाली गेटपाशी सुयोग अबोलीला म्हणाला. नाहूरला त्याचं औषधांचं दुकान होतं आणि जुन्या रहस्यकथांशिवाय तो कशाला हात लावत नसे. “नाव अगदी जिभेवर होतं. काकू म्हणाल्या, पुढच्या वेळी.”

“माका पण सांगूक देना नाय ती,” शेजारच्या विंगमधल्या सुलक्षणाबाई म्हणाल्या. “माझी राणी आजून तळघरातच आसा.”

“पण का करत असतील असं?” अबोलीनं विचारलं.

सुयोग म्हणाला, “काहीतरी ऐकायचं राहिलंय म्हटलं की माणूस थांबतो ना. म्हणून असेल.”

सगळ्यांनी ते मनावर घेतलं. सुयोगनं खुन्याआधी आणखी दोन संशयित पदरचे घातले. सुलक्षणाबाईंनी चार भागांची कादंबरी काढली. या भाबडेपणाला हसायचं त्यानं खुशाल हसावं. आपलं माणूस जाऊ नये म्हणून लोक याहून वेडे उपाय करतात.

अबोलीला मात्र ते पटेना. थांबून थांबून काकू थांबणार तरी किती? बँकेतून आलं की मोबाइल चिवडत बसणाऱ्या तिला काकूंनी वाचायला लावलं होतं. त्या बदल्यात त्यांना द्यायला तिच्याकडे फुटपाथवरून घेतलेल्या या कादंबरीचा शेवट होता. तो न ऐकताच काकू गेल्या तर?

ती येत राहिली. शेवट सांगू देत नाहीत म्हणून मागचंच पुन्हा खुलवून सांगत राहिली.

“मग धाकटी त्या होडीवाल्याला गाठते. काय बरं नाव त्याचं...”

“धाकू,” काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. मागे कधीतरी आपणच सांगितलं असेल, असं अबोलीला वाटलं.

काका एव्हाना खिडकी सोडून पलंगाजवळच्या स्टुलावर बसायला लागले होते. एकदा त्यांनी आपणहून विचारलं, “ती रोज ताट झाकून ठेवते, मग ते जेवतं कोण?”

अबोली चक्रावलीच. काकू मात्र हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या अशा हसत होत्या.

पुढच्या भेटीत काकूंचा श्वास जड झाला होता. अबोलीला राहवलं नाही. “काकू, आज ऐकाच. थोरली...”

काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या हातात कसलाही जोर नव्हता, तरी अबोली गप्प झाली. काकू काकांकडे बघत होत्या. “अजून नाही,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. मुलगा मिहिर मेलबर्नहून आला आणि दिवसकार्य आटोपून परत गेला. अबोली खूप रडली. काकू गेल्या म्हणून रडली, आणि शेवट आपल्याकडेच राहिला म्हणून जास्त रडली. काकांच्या दाराची बेल वाजवायचा धीर कुणालाच होईना. त्या माणसाशी बोलायचं तरी काय?

मग एका रविवारी कट्ट्याच्या ग्रुपवर काकूंच्या नंबरावरून मेसेज आला.

“अबोली, कादंबरीचा शेवट राहिला आहे. चहा टाकतो. सुयोगने उद्या यावे. सुलक्षणाबाईंना वेळ लागेल, त्यांनी बुधवारी. – श्यामसुंदर.”

अबोली गेली. काकांनी लगेच दार उघडलं. कप मांडलेले होते. तिनं सांगायला सुरुवात केली. केस पिकलेली थोरली एका दुपारी गिऱ्हाईक म्हणून खानावळीत येऊन बसते. धाकटी तिला ओळखत नाही, पण त्या दिवशी सगळी ताटं संपलेली असतात, म्हणून झाकलेलं ताट तिच्यापुढे ठेवते. थोरली एक शब्द न बोलता जेवते.

काका मान खाली घालून ऐकत होते.

“हे काकूंनी ऐकायला हवं होतं हो,” अबोली रडत म्हणाली. “मी त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं.”

काकांनी कप खाली ठेवला.

“अगं, तुमची सगळी पुस्तकं तिनं कधीच वाचली होती,” ते म्हणाले. “मला म्हणाली, ‘अहो, शेवट तेवढे तुमच्यासाठी ठेवलेत. मी गेल्यावर तुमच्याकडे कुणी यायला नको?’”